‘गळ्यातला ताईत’ मधला ताईत आला कुठून?

मुलांच्या गोष्टीचं भाषांतर करणाऱ्या एकाने मला तीन गोष्टी विचारल्यात. ताईत हा शब्द मूळचा कुठला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते ‘संस्कृत त्रायते (म्हणजे रक्षण करतो) वरून ताईत’ खरं का, आणि भाषांतरात अम्युलेट (अंगावर बांधायची रक्षा) आणि टॅलिस्मन (जादूची भारलेली वस्तू) दोन्हीला सरसकट ताईत लिहिलं तर चालेल का. माझं बरंचसं आयुष्य शब्दकोशाच्या कामात आणि मराठीतल्या फारसी-अरबी शब्दांच्या मागे लागण्यात गेलंय, आणि ताईत हा त्यातला माझा फार लाडका शब्द आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी सरळ उत्तर. ताईत मूळचा अरबी. मूळ रूप तअवीज़, तिथून फारसीत तावीज, उत्तरेकडे तावीज किंवा ताबीज, आणि आपल्याकडे ताईत.

आता हा तअवीज़ म्हणजे काय, तर सुरुवातीला ती वस्तूच नव्हती. अरबीत ऐन-वाव-ज़ाल या तीन अक्षरांचा जो धातू आहे त्याचा अर्थ आसरा घेणे, कोणाच्या तरी पाठीशी जाऊन उभं राहणे. ‘अऊज़ु बिल्लाह’ म्हणजे मी अल्लाहचा आसरा घेतो. कुराणाच्या शेवटच्या दोन सूरा म्हणजे अध्याय, 113 आणि 114, दोन्ही ‘कुल अऊज़ु’ अशा सुरू होतात, म्हणजे ‘म्हण, मी आसरा घेतो’, 113 मध्ये पुढे येतं, पहाट करणाऱ्या पालनकर्त्याचा, अंधारापासून, गाठींवर फुंकर मारणाऱ्यांपासून, मत्सर करणाऱ्यापासून. या दोन सूरांना मिळून नावच ‘मुअव्विज़तैन’ आहे, त्याच धातूपासूनचं. तर तअवीज़ म्हणजे मुळात हे म्हणणं, आजारी पोराच्या अंगावरून हात फिरवत तोंडाने आसरा मागणं. यात गंमत अशी की इस्लामच्या आधी अरबस्तानात पोरांच्या गळ्यात मणी-दोरे बांधायचे त्याला वेगळा शब्द होता, तमीमा, आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, त्या तमीमांना सक्त मनाई आहे. म्हणजे एकीकडे बांधायची वस्तू, तिला मनाई, आणि दुसरीकडे म्हणायचे शब्द, त्यांना परवानगी. पण लोक शेवटी लोक असतात, जे म्हणायचं ते कागदावर लिहून घेतलं तर पोराजवळ रात्रंदिवस राहील ना, असा विचार कुठल्याही आईच्या मनात येणारच, तसं ते म्हणणं कागदावर आलं, कागद घडी होऊन चामड्यात किंवा धातूच्या नळीत गेला, आणि नाव मात्र तेच राहिलं. हे चालतं की नाही यावर धर्मपंडितांत आजही मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही, मला इथे फक्त शब्दाचा प्रवास दाखवायचाय.

ताईत मधला ‘त’ कुठून आला हा प्रश्न मला नेहमी विचारतात, कारण तावीज मध्ये शेवटी ज आहे. याचं उत्तर ‘कागद’ मध्ये आहे. हिंदीत कागज, मराठीत कागद, बरोबर? दोन्ही शब्दांच्या शेवटी फारसी लिपीत एकच अक्षर आहे, ज़ाल. या अक्षराचा मूळ अरबी उच्चार ज नव्हेच, जीभ दातांना लावून केलेला द आणि झ च्या मधला काहीतरी आहे, जुन्या फारसीतही तसाच एक उच्चार होता, आणि नंतर फारसीत त्याचा ज़ झाला. आपल्या भाषांनी काही शब्द ज च्या रूपाने घेतले, काही द-त च्या. कागद मध्ये द आला, ताईत मध्ये तो आणखी कडक होऊन त झाला, आणि मधला व दोन स्वरांमध्ये विरघळून गेला. आपणच एकटे नाही, पंजाबीत तवीत आहे, कन्नडमध्ये तायित, तेलुगूत तायेत्तु, तमिळमध्ये तायत्तु. बंगालीत मात्र ताबिज, तिथे ज टिकला.

आणि आता त्रायते वाल्या फॉरवर्डबद्दल. ते अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, कारण संस्कृत त्रायते चं पालीत तायति होतं, म्हणजे ध्वनीच्या अंगाने माणसाला तसं वाटणं समजू शकतो. पण शब्दाची व्युत्पत्ती नुसत्या आवाजावर ठरत नाही. संस्कृत-प्राकृतात या वस्तूला ताईत सारखं नाव असतं तर ते जुन्या ग्रंथांत दिसायला हवं होतं, आणि तिथे नावं वेगळीच आहेत, ती पुढे सांगतो. शिवाय बंगालपासून तमिळनाडूपर्यंत हाच शब्द थोड्या-थोड्या फरकाने आहे आणि फारसीतही आहे, मग एकट्या मराठीपुरती वेगळी व्युत्पत्ती कशी लावणार? तमिळमध्ये तर याहून गोड समजूत आहे, तिथे ताय म्हणजे आई, म्हणून तायत्तु म्हणजे आईची नाळ ज्यात घालून ठेवतात ती डबी असं लोक सांगतात. प्रत्येक भाषेला हा शब्द आपल्या घरचा वाटतो यावरूनच कळतं की तो किती आत गेलाय.

शब्द बाहेरून आला म्हणजे वस्तूही बाहेरून आली असं मात्र समजू नका, ही चूक फार जण करतात. अथर्ववेदात अंगावर बांधायच्या रक्षेला ‘मणि’ म्हणतात. जंगिड नावाच्या वनस्पतीचा मणि, पर्ण म्हणजे पळसाचा मणि, शंखाचा मणि, यांवर स्वतंत्र सूक्तं आहेत, आणि आठव्या कांडात ‘प्रतिसर’ आहे, म्हणजे वाईट करणाऱ्यावर उलटून जाणारा बंध. आज आपण मणी म्हणतो तेव्हा काळी पोत डोळ्यासमोर येते, पण त्या काळी मणि म्हणजे आधी संरक्षण आणि मग शोभा. संस्कृतात मनगटाला ‘मणिबंध’ म्हणतात, म्हणजे मणि बांधायची जागा, शरीराच्या भागाला नाव पडलं ते त्या रक्षेवरून. आणि कालिदासाच्या शाकुंतलाचा सातवा अंक आठवा. सिंहाच्या पिल्लाशी झोंबणारा छोटा सर्वदमन, त्याच्या मनगटावर ‘रक्षाकरंडक’ आहे, करंडक म्हणजे छोटी डबी, तिच्यात अपराजिता नावाची औषधी, मारीच ऋषींनी जातकर्माच्या वेळी दिलेली. ती खाली पडली तर तो स्वतः किंवा त्याचे आईबाप सोडून कोणी उचलली की तिचा साप होऊन चावते. दुष्यंत सहज वाकून उचलतो आणि काही होत नाही, तिथेच तापसींना कळतं की बाप हाच. एक डबी, आत भारलेलं काहीतरी, पोराच्या अंगावर. वर्णन ताईताचंच आहे, फक्त नाव अजून यायचं होतं.

मग नाव का बदललं? बहामनी सत्ता दख्खनमध्ये 1347 ला उभी राहिली, त्यानंतरच्या शतकांत दरबारातून, बाजारातून, दर्ग्यातून फारसी शब्द मराठीत उतरत राहिले. दरबारी शब्द वरून खाली येतात, पण ताईत सारखा शब्द दर्ग्याच्या पायरीवरून थेट घरात येतो. मिरजेच्या मीरासाहेबांपासून हाजीमलंगपर्यंत महाराष्ट्रातल्या दर्ग्यांत हिंदू बायका लेकरं घेऊन जात आल्यात, तिथून जे बांधून मिळालं त्याला तिथल्याच नावाने ओळखलं गेलं. शिवरायांच्या काळात राजव्यवहारकोश झाला, फारसी राज्यकारभाराचे शब्द काढून संस्कृत घालण्यासाठी, पण कोश दरबारापुरता, आईच्या तोंडचा शब्द कोण बदलणार.

आता एक ताईत उघडून दाखवतो, म्हणजे मी बघितलेला. ओळखीतल्या एका घरातला पणजीचा चांदीचा ताईत सराफाकडे दुरुस्तीला नेला होता, नळीसारखा, करंगळीच्या पेराएवढा, वर दोन कड्या, टोकाची टोपी लाखेने बंद केलेली. कडी तुटली होती म्हणून आच दिली तशी लाख मऊ झाली आणि टोपी निघाली. आत घट्ट गुंडाळलेला कागद, कडा तपकिरी, उलगडताना दोन ठिकाणी तुटला. त्यावर नऊ घरांचा चौकोन आणि घरांत फारसी आकडे. घरातल्यांना वाचता येईना, ते म्हणाले काहीतरी उर्दू मंत्र आहे. मी आकडे वाचून दाखवले, मधल्या घरात 5, चार कोपऱ्यांत 2, 4, 6, 8, बाकी घरांत 1, 3, 7, 9, आडवी बेरीज करा, उभी करा, तिरकी करा, 15. आपल्याकडे याला पंधरिया यंत्र म्हणतात आणि कितीतरी हिंदू घरांत ते दिवाळीला चोपडीवर किंवा भिंतीवर कुंकवाने काढतात. आणि मुसलमान परंपरेत त्याच चौकोनाचे चार कोपरे घ्या, अब्जद पद्धतीत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, 2 म्हणजे बे, 4 म्हणजे दाल, 6 म्हणजे वाव, 8 म्हणजे बडी हे, मिळून शब्द होतो ‘बदूह’, आणि पत्र सुखरूप पोचावं म्हणून लोक पत्रावर हा शब्द किंवा हे आकडे लिहायचे. 786 तुम्हाला माहीतच असेल, तेही अब्जदच, बिस्मिल्लाहच्या पूर्ण वाक्याची बेरीज. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचा चौतिसा यंत्र कोरलाय, कुठूनही बेरीज 34, आणि नारायण पंडिताने 1356 च्या गणितकौमुदीत अशा चौकोनांवर अख्खं प्रकरण लिहिलंय. त्या पणजीच्या गळ्यातल्या चिठ्ठीत ही सगळी परंपरा घडी घालून बसली होती. कागद परत आत घालून लाख लावून दिला, घरातल्यांनी तसंच सांगितलं आणि मलाही तेच बरोबर वाटलं.

इथून पुढे मराठीत या शब्दाचं जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताईत चांदी-सोन्याचा झाला की तो दागिना झाला. आतला कागद असो नसो, घाट ताईताचा. कोल्हापुरी साजातली एकवीस पानं आठवा, कारागीर सांगतात दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची, आणि शेवटचं एक पान ताईताचं. मत्स्य-कूर्म-वराहाच्या रांगेत अरबी नावाचं पान, आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटत नाही, मलाही ते फार सुंदर वाटतं. दागिना झाल्यावर पुढची पायरी म्हणजे माणूस. जो छातीशी असतो, जो काढून ठेवत नाहीत, जो हरवला तर जीव कासावीस होतो, तो गळ्यातला ताईत. नातू आजीच्या गळ्यातला ताईत, गायक रसिकांच्या गळ्यातला ताईत, एखादा खेळाडू अख्ख्या गावाच्या गळ्यातला ताईत. लक्षात घ्या, या वाक्प्रचारात नजर लागणं, बाधा, भूतबाधा, भीती यातलं काहीही उरलेलं नाही, उरली फक्त जवळीक. आसरा मागणं, कागद, डबी, दागिना, आणि मग लाडकं माणूस, असा हा प्रवास. उर्दूत याच शब्दाला वेगळंच वळण लागलं, तिथे कबरीवरच्या कोरीव दगडालाही तावीज म्हणतात, दख्खनमधल्या जुन्या मकबऱ्यांची माहिती वाचताना हा शब्द भेटला तर गोंधळू नका, तो दगडाबद्दल आहे.

आता याच्या शेजारीच गंडा ठेवून बघा. गंडा आणि ताईत एकाच हाताने, एकाच भीतीपोटी बांधले जातात, ‘गंडे-ताईत’ असा जोडशब्दच आहे. गंड म्हणजे संस्कृतात फुगवटा, पेर, गाठ, गंडमाळा आणि गंडस्थळ त्यातलेच, आणि गंडा म्हणजे गाठी मारलेला मंतरलेला दोरा. पण मराठीत गंड्याचं काय झालं? ‘ऑनलाइन नोकरीच्या आमिषाने तरुणाला पाच लाखांचा गंडा’. रोजच्या पेपरात. गंडवणे म्हणजे फसवणे, आणि कॉलेजच्या पोरांचं ‘पेपर गंडला’, ‘प्लॅन गंडला’ म्हणजे बिघडला. मला यात मांत्रिकाचा गंडाच दिसतो, हे माझं मत आहे, कारण ‘घालणे’ हे क्रियापद बघा, गंडा घालतात तो गळ्यात किंवा मनगटात, पैसे घेऊन, आणि ज्याला घातला तो बसतो वाट बघत. एक ताईत झाला माया आणि दुसरा गंडा झाला फसवणूक, एवढा फरक का पडला? माझ्या समजुतीप्रमाणे ताईत घरात मुरला, आई-आजीच्या हाताने गळ्यात पडला, सोन्या-चांदीचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला, त्याची आठवण देणाऱ्या माणसाशी जोडली गेली. गंडा साधा दोरा, तो कुजतो, तुटतो, परत नवीन घ्यायला परत पैसे, त्याची आठवण घेणाऱ्याशी जोडली गेली. शब्दाला अर्थ वस्तूपेक्षा ती कोणाच्या हातून आली यावरून जास्त चिकटतो.

पण गंड्याचं सगळंच वाईट झालं असं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शास्त्रीय संगीतात गुरू शिष्याच्या मनगटावर दोरा बांधतो, गूळ-चणे खाऊ घालतो, ते गंडाबंधन, आणि तो शिष्य मग गंडाबंध शागीर्द. तिथे गंडा म्हणजे आयुष्यभराची बांधिलकी, घराण्याची विद्या खुली करण्याची हमी. एकाच दोऱ्याचे दोन अर्थ एकाच शहरात, एकाच पेपरच्या दोन पानांवर सुखाने नांदतात.

तोडगा पण याच कुळातला, थोडक्यात सांगतो. तोडणे वरून तोडगा, कोणी करणी केली तर ती तोडायचा उपाय, उंबऱ्यावर अमुक ठेव, तिन्हीसांजेला तमुक ओवाळून टाक. आज संपावर तोडगा निघतो, सीमाप्रश्नावर तोडगा शोधतात, आणि लिहिणाऱ्या वार्ताहराच्या मनात लिंबू-मिरची अजिबात नसते. आणि जादू? तो फारसी, पण त्याचा भाऊ संस्कृतात आहे, यातु, ऋग्वेदात यातुधान म्हणून दुष्ट जादूगार येतात. म्हणजे जादू हा शब्द परका वाटतो तेवढा परका नाही, लांबचा का होईना नातलग आहे.

कायद्यातही हे शब्द आलेत आणि तिथे ते अगदी गंभीरपणे वापरलेत. 1954 च्या औषधं आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ‘जादूचा उपाय’ याची व्याख्या केली त्यात ताईत, मंत्र, कवच आणि इतर कुठल्याही प्रकारचा भारलेला प्रकार येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला, त्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. नीट वाचा, गळ्यात ताईत असणं गुन्हा नाही, उपचार अडवणं गुन्हा आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पणजीची डबी तिच्या जागी राहू दे, पण साप चावला तर गाडी काढा आणि सरकारी दवाखाना गाठा, सर्पविषावरचं औषध (प्रतिविष) तिथे मिळतं, दोऱ्याने विष उतरत नाही.

आता त्या भाषांतराचं. सरसकट ताईत लिहू नका. गोष्ट इजिप्तची असेल आणि पोराच्या गळ्यात दगडी भुंग्याचा अम्युलेट असेल तर ताईत म्हटल्याबरोबर मराठी वाचकाला नळी किंवा पेटी आणि आतला कागद दिसतो, तिथे रक्षामणी लिहा, शब्द मुलांना कळतो आणि मण्याची मूळ ओळखही त्यात आहे. गोष्ट आपल्याकडची, किंवा इराण, तुर्कस्तान, अफगाणिस्तानची असेल आणि आत काही लिहून ठेवलंय असा उल्लेख असेल तर बिनधास्त ताईत. टॅलिस्मनचं वेगळं आहे, ग्रीक तेलेस्मा म्हणजे पूर्ण केलेला विधी, त्याचं अरबीत तिलसम, उर्दूत तिलिस्म, आणि युरोपात टॅलिस्मन. त्यात संरक्षणापेक्षा शक्ती जास्त आहे, अम्युलेट वाईट दूर ठेवतो आणि टॅलिस्मन काहीतरी घडवून आणतो, दार उघडतो, खजिना दाखवतो. त्याला ‘मंतरलेली अंगठी’, ‘भारलेला दगड’ असं वस्तूचं नाव घेऊन लिहा, तिलिस्म लिहिलात तर मराठी वाचकाला, निदान ज्यांनी चंद्रकांता ही हिंदी मालिका-कादंबरी बघितली-वाचली आहे त्यांना, भुयारं आणि चक्रव्यूह आठवतील. आणि मूळ गोष्टीत आजी नातीच्या गळ्यात काही बांधत असेल, तर देश कुठलाही असो, तिथे ताईतच ठेवा.